दीड वाजता वीज जाणार

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी रुचिरा म्हापणकर कामावर हजर झाली तेव्हा तिच्या ओटीपोटात अजून दुखत होतं. रविवारी घाटकोपरमधल्या पंतनगरच्या क्लिनिकमध्ये तिची स्त्रीबीजं काढली होती. ऑफिसात तिने ‘एक छोटी प्रोसिजर होती’ एवढंच सांगितलं होतं, आणि मंगळवारपासून ती परत कामाला लागली होती. घरी पडून छताकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल व्हावं म्हणून केलेले आधीचे दोन प्रयत्न वाया गेले होते. तिसऱ्यांदा करायचं की नाही यावर तिचं आणि हर्षदचं महिनाभर बोलणं चाललं होतं. शेवटी हर्षद म्हणाला होता, “शेवटचा एकदा. नाही झालं तर नाही. मग आपण दोघं मस्त फिरू.” फिरायला जायचं नावसुद्धा त्यानंतर कोणी काढलं नव्हतं.

त्या सकाळी ती रिक्षात असतानाच डॉक्टर जान्हवीचा फोन आला. जान्हवी क्लिनिकच्या लॅबमध्ये गर्भ वाढवायचं काम बघायची. गोड बोलून वेळ मारून नेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“पाचातले चार थांबले,” ती म्हणाली. “एक छान वाढतोय. उद्या सकाळी गर्भाशयात ट्रान्सफर करू. आजचा दिवस तो इन्क्युबेटरमध्ये राहू दे.”

“एकच?”

“एकच लागतो, रुचिरा.”

रुचिरा ज्या सबस्टेशनवर इंजिनीअर होती ते पवईच्या उताराखाली होतं. दोन खोल्यांच्या घराएवढे दोन ट्रान्सफॉर्मर तिथे उभे होते आणि घाटकोपर, पवईची ऑफिसं, विक्रोळीचा काही भाग त्यांच्यावर चालायचा. त्यातला एक नंबर दुरुस्तीसाठी उघडून ठेवला होता. त्यामुळे सगळा भार दोन नंबरवर आला होता. दोन नंबर जुना. त्याच्या तेलाची तपासणी, त्याचं तापमान, त्याची सगळी दुखणी रुचिराला माहीत होती, कारण सहा वर्षं तीच त्याच्याकडे बघत होती. वर मे महिना, म्हणजे घरोघरी एसी.

आणि आदल्या संध्याकाळपासून सूर्यावरच्या वादळाचा इशारा आला होता.

इशारा तसा नवीन नव्हता. गेली दोन-तीन वर्षं सूर्य खवळलेलाच होता. त्याच्या पृष्ठभागावरून तापलेल्या वायूचा लोळ सुटतो, दीड-दोन दिवसांत पृथ्वीपर्यंत येतो आणि पृथ्वीचं चुंबकत्व हादरवतो. ते हादरलं की जमिनीत आणि लांबलचक तारांमध्ये एक संथ प्रवाह वाहायला लागतो. हा प्रवाह अर्थिंगमधून मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात शिरतो. ट्रान्सफॉर्मरला सवय असते सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणाऱ्या विजेची. एकाच दिशेने रेटणारा प्रवाह आला की त्याचा लोखंडी गाभा तापतो, तेल तापतं, आतला कागद करपतो. एकोणनव्वद साली कॅनडातला अख्खा एक प्रांत असाच काही क्षणांत अंधारात गेला होता. पण ते उत्तरेकडचं. आपण विषुववृत्ताजवळचे, आपल्याला त्याचं फारसं काही नाही, असंच सगळे धरून चालले होते. रुचिराही.

“या वेळी दोन लोळ आहेत,” सम्यक म्हणाला. सम्यक ओव्हाळ तिच्याच बॅचचा, कंट्रोल रूममध्ये तिच्या शेजारी बसायचा. “पहिला रस्ता साफ करून गेला, दुसरा मागून सुसाट येतोय. दुपारी धडकणार म्हणतायत.”

“दुपारीच? लोड सगळ्यात जास्त असतो तेव्हाच?”

“सूर्याला काय आपला लोड विचारून यायचंय.”

अकराच्या सुमाराला पहिला धक्का आला. दिवा हलला नाही, काही विझलं नाही. यार्डात काम करणाऱ्या माणसाने येऊन फक्त एवढंच सांगितलं, “मॅडम, दोन नंबर वेगळा वाजतोय.”

रुचिरा बाहेर गेली. ऊन डोक्यावर होतं. एरवी दोन नंबर एकाच सुरात गुणगुणायचा. तिला तो आवाज इतका सवयीचा होता की ऐकूही यायचा नाही. आज त्यात घरघर होती. लोखंडी टाकीला तिने तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला. अर्थिंगच्या तारेवर पवईच्या इन्स्टिट्यूटच्या लोकांनी अभ्यासासाठी एक मीटर बसवला होता. वर्षभर तो शून्याच्या आसपासच असायचा, आणि त्यावरून सगळे त्या मीटरची थट्टा करायचे. आज आकडा वर चढत होता.

ती आत आली तेव्हा लोड डिस्पॅचहून शिवदास सरांचा फोन येऊन थांबला होता. मुंबईत कुठली लाइन चालू ठेवायची, कुठली बंद करायची, हे त्यांच्या टेबलावरून ठरायचं. आवाज चढवून बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं.

“रुचिरा, तुझा दोन नंबर काय म्हणतोय?”

“तापतोय, सर. तेलात गॅस सुटायला लागलाय. मुख्य धडक अजून यायचीय.”

“किती झेपेल?”

“पूर्ण लोडवर मुख्य धडक आली तर मी खात्री देत नाही.”

“बंद केला तर अर्ध्या घाटकोपरची वीज जाईल. भर उन्हाळ्यात. मला मंत्रालयातून फोन येतील. त्यामुळे नीट विचार करून सांग. तुझं मत काय?”

रुचिराने काचेतून बाहेर बघितलं. दोन नंबर जळला तर नवीन आणायला वर्ष, कदाचित सव्वा वर्ष. असे ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाहीत. ऑर्डर द्यायची आणि वाट बघायची. एक नंबर महिनाभर तरी उघडाच राहणार. म्हणजे उरलेला उन्हाळा घाटकोपर तुकड्यातुकड्याने अंधारात, आणि पुढे वर्षभर सगळा भार एकट्या एक नंबरवर. हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात क्षणात झाला. त्याच क्षणी पंतनगरमधली तिसऱ्या मजल्यावरची एक एसी खोलीही तिच्या डोळ्यांसमोर आली.

“दोन मिनिटांत सांगते, सर,” म्हणत तिने फोन ठेवला.

मग सम्यककडे वळून ती म्हणाली, “तुला एक सांगायचंय. पंतनगरच्या क्लिनिकमध्ये माझा गर्भ आहे. इन्क्युबेटरमध्ये. उद्या ट्रान्सफर आहे. एकच राहिलाय.”

सम्यक तिच्याकडे बघत राहिला.

“म्हणून माझं डोकं सरळ चालतंय की नाही मला कळत नाही. मला वाटतं, बंद करायला पाहिजे, पण लोकांना आधी सांगून. तू आकडे बघ आणि सांग, किती वेळ देता येईल. माझ्याकडे बघून सांगू नकोस.”

सम्यकने खुर्ची पुढे ओढली. तापमानाचा आलेख, लोड, तो मीटर, सगळं बघितलं. त्याला वेळ लागला. 

“मॉल आणि पवईची ऑफिसं आत्ता लगेच काढली तर लोड निम्मा होईल,” तो म्हणाला. “मग दीड वाजेपर्यंत धरता येईल. त्याच्या पुढे नाही. मी दोन म्हणणार नाही, रुचिरा.”

“मी पण दीडच म्हणणार होते.”

“मग तुझं डोकं ठीक आहे.”

शिवदास सरांनी ऐकून घेतलं आणि ‘करा’ म्हणाले. सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज गेले: तांत्रिक कारणामुळे दुपारी दीडपासून संध्याकाळपर्यंत वीज बंद. शेजारच्या सबस्टेशनमधून थोडी वीज ओढता येत होती. त्यावर मेट्रो आणि दोन मोठी हॉस्पिटलं घेतली. तरी थोडी उरत होती. आणखी एक फीडर, म्हणजे एका भागाची एक केबल, त्यावर बसली असती.

“पंतनगर घेऊ?” सम्यकने विचारलं. त्याने तिच्याकडे न बघताच विचारलं. “बसतोय तो. कोणी विचारणार नाही. तिकडे दवाखाने पण आहेत चार-पाच.”

“आणि दुसरा कुठला बसतोय?”

“असल्फाचे पंप.”

असल्फाच्या टेकडीवर पाणी चढवणारे ते पंप होते. वरच्या घरांना दुपारीच पाणी यायचं. पंप थांबले की टेकडीवरच्या हजारो लोकांनी मे महिन्यात हंडे घेऊन खाली उतरायचं, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहायचं.

रुचिराने एकदा डोळे मिटले. “पंप घे.”

“नक्की?”

“क्लिनिककडे जनरेटर आहे. टेकडीकडे काय आहे? घे.”

सम्यकने फीडर घेतला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “माझी आई पण पंतनगरच्याच लाइनवर आहे. तिला फोन केला, ओला टॉवेल अंगावर घेऊन बस म्हटलं. शिव्या घातल्या मला.”

रुचिराने हर्षदला फोन लावला. घाटकोपर पूर्वेला त्याचं चष्म्याचं दुकान होतं, क्लिनिकपासून पाच मिनिटांवर.

“मेसेज आला का तुला?”

“आत्ताच वाचला. हे तुमचं आहे?”

“माझंच आहे. मीच सांगितलं बंद करायला. हर्षद, तू क्लिनिकला जा. त्यांचा जनरेटर आहे. तो आत्ता चालू करून दाखवा म्हण. वीज गेल्यावर नको, आत्ता.”

हर्षद काहीतरी विचारणार होता, पण त्याने विचारलं नाही. “निघालो,” म्हणाला.

शटर अर्धं ओढून, गिऱ्हाइकाला संध्याकाळी या सांगून तो निघाला. क्लिनिकच्या काउंटरवरची मुलगी शांत होती. तिलाही मेसेज आला होता.

“काळजी करू नका सर, आपल्याकडे पूर्ण बॅकअप आहे.”

“तेच बघायचंय मला. एकदा चालू करून दाखवा.”

“वीज गेली की आपोआप चालू होतो सर.”

“मग आत्ता वीज बंद करा आणि दाखवा.”

बाकावर बसलेल्या दोन जोडप्यांनी मान वर केली. हर्षदला असं अडून बसायची सवय नव्हती. दुकानात कोणी वाद घातला तर तो स्वतःच फ्रेम बदलून द्यायचा. कान तापल्याचं त्याला जाणवलं. पण तो काउंटरपासून हलला नाही. मुलगी मॅनेजरला फोन लावायला लागली, मॅनेजर बाहेरगावी होता, तेवढ्यात डोक्याला निळी टोपी लावलेली जान्हवी लॅबच्या दारातून बाहेर आली.

“काय झालं?”

“डॉक्टर, रुचिराने फोन केलाय. दीड वाजता वीज जाणार. जनरेटर एकदा चालवून बघा म्हणते.”

“रुचिरा म्हणते?” जान्हवीला तिची नोकरी माहीत होती. तिने टोपी काढली. “चला.”

जनरेटर बिल्डिंगच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडखाली होता. वॉचमनने कुलूप काढलं, बटण दाबलं. टक् असा आवाज आला. पुन्हा दाबलं. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा तेवढाही आला नाही.

“बॅटरी बसली,” वॉचमन म्हणाला. “गेल्या दिवाळीनंतर लाइट गेलीच नाही ना. चालवलाच नाही कोणी.”

जान्हवीचा चेहरा उतरला. “माझ्या इन्क्युबेटरना यूपीएस आहे,” ती हळूच म्हणाली. “पण तो एक तास चालतो. फार तर सव्वा. माझ्याकडे आत अकरा जणांचे गर्भ आहेत.”

मुंबईत वीज जात नाही, आणि तीच अडचण होती. कोणाला काही तपासून ठेवायची सवय उरली नव्हती. मेकॅनिकचा फोन लागला. तो मुलुंडला होता, तीनपर्यंत येतो म्हणाला. बॅटरीचं दुकान होतं, पण तिथे हा साइज नव्हता.

शेडसमोरच तळमजल्यावरच्या मिठाईच्या दुकानाचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हर मागे बसून डबा खात होता. साठीचा, पांढऱ्या मिशांचा. फोनवर कोणाशी तरी मालवणीत बोलत होता. हर्षद त्याच्यापाशी गेला. त्याचं स्वतःचं मालवणी आजीबरोबरच संपलं होतं, तरी जेवढं आठवलं तेवढं त्याने गोळा केलं.

“काका, खंयचे तुम्ही?”

“कुडाळ. आणि तू?”

“कणकवली. काका, माका तुमची बॅटरी व्हयी. टेम्पोची. सांजेपर्यंत.”

ड्रायव्हरने डबा खाली ठेवला. त्याचं नाव गुणाजी. “बॅटरी? ती कित्याक?”

कसं सांगायचं ते हर्षदला कळेना. शेवटी त्याने सरळ सांगितलं. वर लॅब आहे, त्यात अकरा घरांची मुलं आहेत, अजून जन्माला न आलेली. त्यातलं एक माझं आहे. जनरेटर सुरू झाला नाही तर ती जगणार नाहीत.

गुणाजीने तिसऱ्या मजल्याकडे बघितलं, मग जनरेटरकडे. “बॅटरी काढूक मालकाक इचारूक व्हया,” तो म्हणाला. मग हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसत उठला. “पण मालक झोपलो आसा. उठलो की इचारूया. तू पाना घेऊन ये.”

बॅटरी काढायला, शेडपर्यंत न्यायला आणि तारा जोडायला चौघं लागली. हर्षदच्या शर्टाला काळा डाग पडला. पहिल्या झटक्याला जनरेटर खोकला. दुसऱ्या झटक्याला काळा धूर सोडून सुरू झाला आणि सगळी शेड थरथरायला लागली. जान्हवी पायऱ्यांवरून पळतच वर गेली. मिनिटभराने तिचा फोन आला: सगळं चालतंय, चालूच ठेवा. टाकीत डिझेल अर्धं होतं. गुणाजी कॅन घेऊन चालतच पंपावर गेला, कारण त्याचा टेम्पो आता जागचा हलणार नव्हता.

हर्षदने रुचिराला फोन केला तेव्हा सव्वा वाजून गेला होता. त्याने आधी ‘चालू आहे’ म्हटलं आणि मग काय झालं होतं ते सांगितलं. रुचिरा ऐकत होती. तो ‘बॅटरी बसली होती’पर्यंत आला तेव्हा तिने टेबलाची कड धरली.

“तू सांगितलं नसतंस तर...” हर्षद म्हणाला.

“पुढे बोलू नको. तिथेच थांब.”

“मी हलत नाही इथून.”

दीड वाजता सम्यक आणि रुचिराने मिळून दोन नंबर बंद केला. ब्रेकरचा दणका झाला आणि ती घरघर एकदम थांबली. यार्डात एवढी शांतता रुचिराने कधी ऐकली नव्हती. पिंपळावरचे कावळे ऐकू यायला लागले. पाचव्या मिनिटापासून फोन सुरू झाले. एका माणसाने तिला विचारलं की तुम्ही लोक एसीत बसून आमची मजा बघता का. कंट्रोल रूमचा एसीही बंदच होता, पण तिने ते सांगितलं नाही. “संध्याकाळपर्यंत येईल,” एवढंच ती प्रत्येकाला सांगत राहिली.

खरी भीती तिला त्यानंतर वाटली. काहीच घडलं नाही तर? वादळ वरच्या वर निघून गेलं तर? लाखो लोकांना उकाड्यात बसवून ठेवलं, आणि कशासाठी? तिने लांबच्या लाइनवरच्या मीटरचे आकडे परत बघितले. ते खाली आले होते. अडीच वाजले, पावणेतीन वाजले. शिवदास सरांचा एकदा फोन आला, ते फक्त “अजून?” म्हणाले. ती “अजून,” म्हणाली.

तीन वाजून गेल्यावर मुख्य धडक आली. दोन नंबर तारांपासून तोडलेला, त्यामुळे त्याच्यात काही शिरायला वाट नव्हती. पण लांबच्या लाइनवरच्या त्या मीटरनी जे दाखवायला सुरुवात केली ते बघून सम्यक उभाच राहिला. सकाळच्या धक्क्याच्या चौपट.

“बाप रे,” तो पुटपुटला. “हे पूर्ण लोडवर आलं असतं तर आपली वाट लागली असती.”

थोड्याच वेळात बातम्या यायला लागल्या. दूरच्या एका राज्यात एक मोठा ट्रान्सफॉर्मर पेटला होता. माणसं सुखरूप होती, पण दोन जिल्हे अंधारात गेले होते आणि ते केव्हा उजेडात येतील हे कोणी सांगू शकत नव्हतं. रुचिराने ती बातमी दोनदा वाचली. मग ती वॉशरूममध्ये गेली, नळ सोडला आणि थोडं रडली. दुःख झालं होतं म्हणून नव्हे. सकाळपासून धरून ठेवलेलं सुटलं, एवढंच. तोंड धुऊन ती परत खुर्चीत येऊन बसली.

ऊन उतरेपर्यंत ते मीटर शांत झाले. तेलाचा नमुना तपासला. गॅस सकाळी होता तेवढाच होता. सहाच्या पुढे त्यांनी दोन नंबर परत चालू केला. सुरू होताना तो नेहमीसारखाच एकदा मोठ्याने गुरगुरला आणि मग आपल्या जुन्या सुरात आला. एकेक फीडर जोडत गेले. पंतनगर तिसरा होता. सम्यकने तिला बटण दाबायला दिलं.

रुचिरा क्लिनिकला पोचली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. हर्षद पायरीवर बसला होता, शर्टावर काळा डाग, हातात मिठाईच्या दुकानाचा पेढा. गुणाजी टेम्पोत बॅटरी परत बसवत होता.

“मालक उठला,” हर्षद म्हणाला. “आधी तापला, मग सगळं ऐकल्यावर पेढे वाटायला लागला. अजून काही झालं नाही म्हटलं, तर म्हणाला, वीज आली ना, त्याचे घ्या.”

रुचिरा त्याच्या शेजारी बसली. हर्षदने अर्धा पेढा तिला दिला. तिने तो खाल्ला.

“तू पंतनगर चालू ठेवू शकली असतीस का?” त्याने हळूच विचारलं.

ती खोटं बोलणार नव्हती. “हो. एका फीडरची जागा होती. मी असल्फाच्या पंपांना दिली.”

हर्षदने उरलेला अर्धा पेढा कागदात गुंडाळून ठेवला. “मला आधी सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो,” तो म्हणाला.

“माहितेय.”

“आता नाही भांडत.” त्याने तिचा हात हातात घेतला. त्याचा हात ग्रीसने चिकट झाला होता.

जान्हवी खाली आली. ती दमलेली दिसत होती. “तापमान कणभरही हललं नाही,” ती म्हणाली. “अकराच्या अकरा ठीक आहेत. तुमचा तर मस्त चाललाय. घरी जा, जेवा आणि झोपा. सकाळी या.”

शुक्रवारी सकाळी ट्रान्सफर झालं. पाच-दहा मिनिटांचंच काम. स्क्रीनवर एक बारीक पांढरा ठिपका दिसला आणि जान्हवी म्हणाली, “पोचला.” परत येताना रिक्षावाला वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडत होता. काल दुपारी त्याची म्हातारी उकाड्याने हैराण झाली होती म्हणे. रुचिरा मागे डोकं टेकून ऐकत होती. त्याचं बरोबरच होतं. त्याच्या घरी पंखा परत फिरतोय, हे तिला पुरेसं होतं.

चौकशी झाली. वीज का बंद केली, दीड वाजेपर्यंतची मुदत कोणाच्या सांगण्यावरून दिली, हे विचारलं गेलं. रुचिराने सगळं सांगितलं, क्लिनिकचंही. मग सम्यक म्हणाला की आकडे त्याने काढले होते, आणि पंतनगरचा फीडर त्याने देऊ केला होता तो हिने नाकारला. शिवदास सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “पुढे जाऊ या.” त्यानंतर एक नियम मात्र आला: असा इशारा आला की प्रत्येक दवाखान्याला फोन करून जनरेटर चालवून बघायला सांगायचं. तो फोन करायचं काम सम्यकने मागून घेतलं.

जूनमध्ये एक नंबर चालू झाला आणि मग दोन नंबरला उघडलं. कंपनीचा माणूस आत टॉर्च मारून खूप वेळ बघत होता. एका कोपऱ्यात कागद तपकिरी झाला होता, पोळीला डाग पडावा तेवढाच. तो मान हलवत बाहेर आला. “थोडा वेळ अजून चालला असता तर हा गेलाच होता,” तो म्हणाला. “नवीन पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात मिळाला असता.”

रुचिरा बाजूच्या स्टुलावर बसली. दहा दिवसांपूर्वी रक्ताची तपासणी झाली होती आणि आदल्या दिवशी सोनोग्राफी. दोन्ही चांगल्या आल्या होत्या. सासूबाईंना अजून सांगितलं नव्हतं. तीन महिने होऊ देत, असं दोघांनी ठरवलं होतं.

“काय गं, चक्कर येतेय?” सम्यकने विचारलं. “पाणी आणू?”

“नाही रे,” ती म्हणाली. “भूक लागलीय. सकाळपासून तिसऱ्यांदा.”

सम्यक तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं, आणि तो कॅन्टीनच्या दिशेने निघाला.